जत्रेतले अंगण

लॉस एंजेलिस शहराच्या ग्रिफिथ पार्कात लाकडी घोड्यांचा एक जुना चक्रीपाळणा आहे. आपल्या दोन मुलींना त्या घोड्यांवर बसवून वॉल्ट डिस्ने सुट्टीच्या दिवशी जवळच्या बाकावर शेंगदाणे खात बसत असत. आणि मुलांची करमणूक चालू असताना आईबापांनी नुसते ताटकळत बसायचे ही वहिवाट मोडून दोघांनाही एकत्र रमता येईल असे एखादे उद्यान का असू नये, हा विचार त्या बाकावरच आपल्या मनात रुजला, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगून ठेवले आहे. त्या विचाराचे मूर्त रूप म्हणजे १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे उघडलेले डिस्नेलँड. ग्रिफिथ पार्कातील त्या बाकांपैकी एक बाक डिस्नेलँडच्या मेन स्ट्रीटवरील ऑपेरा हाउसात जपून ठेवलेला आहे. एवढ्या प्रचंड उद्योगाचा उगम एका साध्या बाकापाशी सापडावा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण तान्ह्या किंवा नुकत्याच चालू लागलेल्या मुलाला घेऊन अशा उद्यानात दिवस काढलेल्या कुटुंबाला सायंकाळी ज्याची आठवण कृतज्ञतेने येते, तो बहुधा एखादा गगनचुंबी पाळणा नसतो, तर ऐन वेळी सापडलेला सावलीतला बाक असतो.

लेक-जावई किंवा मुलगा-सून कॅलिफोर्नियात नोकरीला, आणि नातवंडाचे करण्यासाठी आजी-आजोबा चार-सहा महिने तिकडे मुक्कामाला, हे दृश्य आता महाराष्ट्रातल्या असंख्य घरांच्या परिचयाचे झाले आहे, आणि त्या मुक्कामात डिस्नेलँडची एक वारी ठरलेलीच असते. तीन वर्षांखालील मुलाला तेथे प्रवेशमूल्य पडत नाही. परंतु त्या दिवसाचे खरे वेळापत्रक ठरवतो तो हा बिनतिकिटाचा प्रवासीच. त्याच्या वयाला तेथल्या नामांकित राइडांपैकी बऱ्याचशांची दारे मिटलेली असतात. स्पेस माउंटनला किमान उंची १०२ सेंटिमीटर लागते, मॅटरहॉर्नच्या घसरगाड्यांना १०७. आणि दोन वर्षांचे मूल सर्वसाधारणपणे ८५ सेंटिमीटरांच्या आसपास असते. डम्बो हत्तीचा पाळणा, लाकडी घोड्यांचे चक्र, परीकथांतल्या चिमुकल्या गावांमधून संथपणे जाणाऱ्या होड्या, एवढे त्याच्या वाट्याला येते आणि ते त्याला पुरेही पडते. प्रश्न उरतो तो त्या दोन पाळण्यांच्या मधल्या लांबलचक वेळेचा.

ह्या वयाच्या मुलाच्या जागी क्षणभर स्वतःला कल्पून पाहिले, तर अशा उद्यानाचे जे चित्र नजरेपुढे येते, ते जाहिरातीतल्या चित्राहून अगदी निराळे आहे. त्याच्या नजरेच्या पातळीवर किल्ल्याचे मनोरे नसतात. असतात ती लगबगीने चाललेल्या शेकडो माणसांची पावले, लोंबणाऱ्या पिशव्या आणि बाबागाड्यांची चाके. वाद्यांचा गजर, पाळण्यांची घरघर, अनोळखी चेहरे आणि भगभगीत ऊन ह्या सर्वांचा मारा एकाच वेळी होत असता त्यातले नको ते बाजूला सारण्याची जी शक्ती मोठ्यांच्या अंगवळणी पडलेली असते, ती त्याच्या ठिकाणी अद्याप यायची असते. त्यातच एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाकाठी ११ ते १४ तास, आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, असे वैद्यकाचे सांगणे आहे. थकलेले मूल मी थकलो असे म्हणत नाही. ते डोळे चोळते, कान ओढते, कडेवर घेतले की अंग ताठ करते, किंवा ह्याच्या उलट अकारण खिदळत सैरावैरा धावू लागते; आणि त्या धावण्यालाच उत्साह समजून आपण त्याला पुढच्या रांगेत उभे केले, की थोड्याच वेळात जो आकांत सुरू होतो, त्याला हट्ट हे नाव देऊन आपण मोकळे होतो. त्याचा दोष मुलाकडे मुळीच जात नाही.

येथे मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांची आठवण होते. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ताराबाईंनी पुढे १९४५ च्या सुमारास अनुताईंच्या साथीने बोर्डीला काम आरंभले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे आढळताच त्यांनी मुलांना शाळेत ओढून आणण्याऐवजी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि त्यातून अंगणवाडी हा शब्द व ती कल्पना सिद्ध झाली. अंगण ही वस्तूच मोठी मर्माची आहे. तेथे आभाळ आहे, माती आहे, येणारे-जाणारे आहेत, म्हणजे जग आहे. पण त्या जगाला एक हद्द आहे, आणि घराचा उंबरठा चार पावलांवर आहे. बालकाला जग हवे असते ते एवढ्याच मापाचे. मनोरंजनाची मोठमोठी उद्याने ह्या अर्थी जत्रा होत. आणि जत्रेत मूल नेऊ नये असे मी म्हणत नाही, परंतु जत्रेत त्याला एक अंगण शोधून द्यावे, आणि ते रडू लागल्यावर नव्हे तर दारातून आत शिरतानाच शोधून ठेवावे, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे.

डिस्नेलँडमध्ये अशी अंगणे आहेत. फक्त ती डोळ्यांत भरावीत अशी सजवलेली नाहीत. मेन स्ट्रीट जेथे संपते तेथे उजव्या हाताला बेबी केअर सेंटर नावाची एक बैठी, शांत वास्तू आहे. लंगोट बदलण्याची मेजे, स्तनपानासाठी आडोशाच्या खोल्या, मुलाला भरवण्यासाठी उंच खुर्च्या, अन्न ऊन करण्याचे यंत्र आणि चिमुकल्यांच्या मापाची शौचकूपे असा सगळा बंदोबस्त तेथे आहे. उद्यानात घरचे खाणे नेण्यास मुभा आहे. काचेच्या वस्तूंना मज्जाव असला, तरी बाळाच्या अन्नाच्या लहान बरण्या त्या नियमातून वगळलेल्या आहेत. आमच्या घरचे खिमट एका डब्यात भरून आम्ही तेथे नेले होते. ते ऊन करून त्यावर घरूनच आणलेले चमचाभर तूप सोडले, तेव्हा त्या वासासरशी आमची पावणेदोन वर्षांची नात, जी सकाळपासून कुठल्याही पदार्थाला तोंड लावत नव्हती, ती खुर्चीत नीट सावरून बसली आणि वाटी संपेपर्यंत हलली नाही. बाहेर बँड वाजत होता. आत दाराआडून त्याचा नुसता ठेका ऐकू येत होता. परिचित चव, मंद उजेड आणि बसायला एक स्थिर जागा, एवढ्याने मुलाचा जीव किती थाऱ्यावर येतो, हे त्या अर्ध्या तासात मला दिसले.

दुसरे अंगण उद्यानाच्या अगदी मागच्या टोकाला, टूनटाउनमध्ये आहे. १९९३ साली उघडलेला हा भाग काही काळ बंद ठेवून १९ मार्च २०२३ रोजी नव्या स्वरूपात खुला करण्यात आला, तेव्हा त्याच्या रचनाकारांनी एक निर्णय मोठ्या शहाणपणाने घेतला: जेथे आणखी एखादा पाळणा उभा करता आला असता, तेथे त्यांनी बसायला-लोळायला मऊ हिरवी जमीन केली. मध्यभागी एक कारंजे आहे, आणि त्याच्या कडेला लहान मुलांचे हात पोहोचतील अशा बेताने पाणी खेळवले आहे. जवळच एक झाड आहे. मिसूरी प्रांतातल्या मार्सेलीन गावी ज्या झाडाखाली लहानगा वॉल्ट तासन्‌तास बसून राही, त्याची ती आठवण. आणि त्याची मुळे मुद्दाम अशी घडवली आहेत, की मुलांनी त्यांच्यावरून चढावे व खालून रांगत जावे. आमच्या नातीने त्या पाण्यात दोन्ही तळवे बुडवले, वर काढले, बोटांतून गळणारे थेंब पाहिले आणि पुन्हा बुडवले. “आबा, पाणी!” एवढाच तिचा अभिप्राय. एक वाळके पान तिने पाण्यावर सोडले, ते कडेला लागले की उचलून पुन्हा मधोमध ठेवले, आणि हा उद्योग अर्धा-पाऊण तास अखंड चालला. दोन मोठी माणसे शेजारी स्वस्थ बसली होती, आणि त्या दिवसात प्रथमच कोणालाही कोठे जायचे नव्हते. एवढा पैसा खर्चून इतक्या दूर यायचे आणि पानाशी खेळायचे काय, असे कोणाच्या मनात येईल, तर त्याला माझे उत्तर असे, की मुलाने जे मनापासून खेळले तेच त्याला त्या जागेने दिले. बाकीचे आपण पाहिले.

ह्याशिवाय विसाव्याच्या जागा अनेक आहेत, मात्र त्या नकाशात विसावा ह्या सदराखाली दाखवलेल्या नसतात. उद्यानाच्या आरंभापासून त्याला प्रदक्षिणा घालणारी वाफेची आगगाडी हे मला त्यातले सर्वोत्तम स्थान वाटते. चार स्थानके घेत सुमारे वीस मिनिटांत ती फेरी पुरी करते. डबे उघडे, गती संथ आणि डुलणे पाळण्यासारखे. मेन स्ट्रीटवरच्या छोट्या सिनेमागृहात जुनी व्यंगचित्रे चालू असतात. तेथला थंड काळोख उन्हातून आलेल्या मुलाला निववतो. किल्ल्याच्या उजव्या अंगाला हिमगौरी आणि सात बुटक्यांच्या पुतळ्यांपाशी एक लहानसा धबधबा आहे, आणि मुख्य वाट सोडून आत वळलेले तेथे थोडेच असतात. उद्यानातल्या नदीकाठी बसले तर बदके दिसतात. पक्ष्यांची गाणी ऐकवणारी १९६३ सालची टिकी रूमही बसून पाहायची आणि गार आहे. परंतु शेवटी शेवटी तेथे कृत्रिम मेघगर्जना होते, तेव्हा मूल भित्रे असल्यास दाराजवळची जागा धरावी.

दिवसाची तजवीज ह्या जागांच्या अनुरोधाने करावी. सकाळी दरवाजे उघडताच आत शिरून गर्दी वाढण्यापूर्वी मुलाचे दोन-तीन पाळणे उरकावेत, अकराच्या सुमारास जेवण द्यावे, आणि ऐन दुपार विसाव्याच्या हवाली करावी. मुक्काम जवळ असेल तर सरळ खोलीवर जाऊन झोपवून आणावे, कारण त्याच तिकिटावर सायंकाळी परत येता येते; नसेल तर बाबागाडीचे छत ओढून सावलीत उभे राहावे. बाबागाडी ७९ सेंटिमीटरांहून रुंद किंवा १३२ सेंटिमीटरांहून लांब असल्यास आत घेत नाहीत, ह्याची खातरजमा घरीच करावी. मोठ्यांना एखाद्या वेगवान राइडचा मोह असेल, तर एकाने मुलापाशी थांबावे व दुसऱ्याने जाऊन यावे, आणि मग थांबलेल्याला पुन्हा ती सगळी रांग लावावी लागू नये, अशी आळीपाळीची सोय तेथे आहे. त्या राइडच्या प्रवेशद्वारापाशी तैनात असलेल्या सेवकाला विचारले म्हणजे तो ती करून देतो. रात्रीच्या आतषबाजीचा आवाज छातीत धडकतो. ती बघायचीच असेल, तर मुलाचे कान झाकण्याचे साधन जवळ असू द्यावे, नाहीतर त्यापूर्वीच मुक्कामाकडे वळलेले उत्तम.

काही उद्याने अशीही आहेत, की जेथे शांतता कोपऱ्यात शोधावी लागत नाही, कारण उद्यानाचा आरंभच तिच्यापासून झालेला असतो. नेदरलँड्समधील एफ्टेलिंग हे त्यांपैकी एक. अँटोन पीक ह्या चित्रकाराच्या कल्पनेतून १९५२ साली तेथे परीकथांचे वन उभे राहिले. खऱ्या, दाट झाडांच्या सावलीतून पायवाटा जातात, आणि वळणावळणावर एकेक कथा घरकुलाच्या किंवा पुतळ्याच्या रूपाने भेटते. रांग फारशी नाही, घंटा नाही, पट्टे आवळणे नाही. मूल हवे तेवढा वेळ थांबते आणि हवे तेव्हा पुढे जाते. वाटेवर होले बोले गाइस नावाचा एक खादाड लठ्ठ पुतळा तोंड वासून बसलेला आहे. तो कागद मागतो, कचरा तोंडाशी धरला की ओढून घेतो, आणि वर आभार मानतो. त्याला भरवण्यासाठी मुले कागदाचे तुकडे शोधत फिरतात. चालण्याच्या गतीने अनुभवता येईल असे काही रचले, की वेगळ्या विश्रांतिस्थानाची गरजच किती कमी होते, ह्याचा हा चालताबोलता दाखला आहे.

आपल्याकडेही आता ही जत्रा दूर राहिलेली नाही. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका हे उद्यान उघडले, आणि सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याची कुटुंबे कडेवरच्या मुलांसह अशा ठिकाणी लोटतात. उद्यान मोठे असो की नगरपालिकेचे लहानसे, ते आखणाऱ्यांपुढे मी एक आपलेच नाव ठेवू इच्छितो. आपल्या एस. टी. महामंडळाने बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी जे कक्ष केले, त्यांना हिरकणी कक्ष असे नाव दिले आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली हिरकणी नावाची गवळण, सूर्यास्ताला गडाचे दरवाजे मिटले आणि घरी बाळ भुकेले होते, म्हणून काळोखात कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. आणि तिच्या धाडसाचा गौरव म्हणून शिवाजी महाराजांनी तेथे बुरूज बांधवला असे सांगतात. आपण त्या बुरुजाकडे अभिमानाने पाहतो, ते योग्यच आहे. परंतु त्या कथेत एक दुसरा पक्षही आहे: दरवाज्याचा शिरस्ता ठरवताना कोणाच्या ध्यानात बाळ नव्हते. नवी उद्याने आखताना सावलीतला एक बाक, पाण्याची एक उथळ पन्हळ, आडोशाची एक खोली आणि कुंपणाआडची थोडी माती एवढे आधी नकाशावर मांडले, आणि पाळणे त्यानंतर, तर कडेवर मूल घेऊन आलेल्या कोणत्याही आईला तेथे कडा उतरावा लागणार नाही.