शिध्याचे कार्ड : ऑस्ट्रेलियातील आदिवासी आणि सरकारी हस्तक्षेप

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते, फार तर लोकर आणि कांगारू. त्या खंडात पन्नास हजारांहून अधिक वर्षे नांदत आलेली आदिवासी माणसे आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. त्यांच्या वस्त्यांत २००७ साली तेथील केंद्र सरकारने जो मोठा हस्तक्षेप केला, त्याची हकीकत व त्याचे परिणाम आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही विद्यापीठातले अभ्यासक नव्हे. आमची हयात युनियनच्या कामात गेली आणि जे वाचन झाले ते सभा आटोपल्यावर रात्री झाले. सबब मजुरी कोणाच्या हातात पडते आणि ती खर्चण्याचा अधिकार कोणाचा, ह्या एका बाजूनेच आम्ही हा प्रश्न मांडणार आहोत. आमच्या मते त्याचे मर्मही तेथेच आहे.

शिध्यापासून जमिनीपर्यंत

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला नॉर्दर्न टेरिटरी नावाचा मुलूख आहे. आकाराने तो महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा; वस्ती मात्र अवघी अडीच लाखांच्या घरात. त्यांत चारातला एकाहून अधिक माणूस आदिवासी. गोऱ्यांनी तेथे गुरांची अफाट कुरणे थाटली आणि गुरे राखायला आदिवासींनाच लावले. मोबदला काय? मैदा, साखर, चहा, तंबाखू, मांस आणि नावापुरते रोख पैसे. मजुराला पैशाऐवजी माल देण्याची चाल इंग्लंडात १८३१ च्या कायद्याने बंद करण्यात आली होती. आपल्याकडेही १९३६ च्या वेतन कायद्याने मजुरी चलनी नाण्या-नोटांत देणे बंधनकारक झाले. आदिवासी गुराख्याच्या वाट्याला मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे शिधाच आला.

१९६६ च्या मार्चमध्ये तेथील लवाद मंडळाने आदिवासी गुराख्यांना समान वेतन मान्य केले, परंतु अंमलबजावणी १९६८ च्या डिसेंबरपर्यंत लांबणीवर टाकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वेव्ह हिल येथील गुरिंजी लोक व्हिन्सेंट लिंगियारी ह्यांच्या नेतृत्वाखाली बायकापोरांसह काम सोडून निघाले. मालक होते इंग्लंडातले व्हेस्टी हे बडे मांसव्यापारी घराणे. आरंभी मागणी मजुरीची होती. पुढे ती जमिनीची झाली. संप वर्षानुवर्षे चालला. अखेर १९७५ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम ह्यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती ओतून जमिनीचा काही भाग परत केला. १९७६ साली आदिवासींच्या जमीनहक्काचा कायदा झाला. त्यांच्या जमिनीवर पाऊल टाकायचे तर परवाना घ्यावा लागे. शिध्यापासून जमिनीपर्यंतची ही वाट त्या लोकांनी स्वतः चालून काढली होती.

२००७ चा हुकूम

पुढील तीस वर्षांत सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. घरांची टंचाई, दूर अंतरावरचे दवाखाने, बेकारी आणि दारू ह्यांनी कित्येक वस्त्या पोखरल्या. बायका आणि मुले ह्यांच्यावर अत्याचार होत होते, आणि त्याविरुद्ध आदिवासी बायका कित्येक वर्षे दाद मागत होत्या. २००७ च्या जूनमध्ये पॅट अँडरसन आणि रेक्स वाइल्ड ह्यांचा मुलांवरील अत्याचारांसंबंधीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ९७ शिफारशी होत्या. हा राष्ट्रीय तातडीचा प्रश्न मानावा आणि प्रत्येक उपाय आदिवासींशी खरोखर विचारविनिमय करूनच योजावा, असे पहिल्याच शिफारशीत बजावले होते.

पंतप्रधान जॉन हॉवर्ड आणि त्यांचे मंत्री मॅल ब्रफ ह्यांनी त्यातली तातडी तेवढी उचलली, विचारविनिमय बाजूला ठेवला. २१ जून रोजी घोषणा झाली. लवकरच लष्कराचे जवान वस्त्यांत आले. ऑगस्टमध्ये शेकडो पानांची विधेयके खालच्या सभागृहात मांडली त्याच दिवशी संमत झाली. ७३ वस्त्यांवर हा अंमल बसला. दारूबंदी व अश्लील साहित्याची बंदी जाहीर करणाऱ्या पाट्या गावाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. वस्त्यांच्या जमिनी पाच वर्षांच्या सक्तीच्या भाडेपट्ट्याने सरकारने घेतल्या. वस्तीच्या सार्वजनिक जागांपुरता परवाना उठवला. सरकारी भत्त्याचा निम्मा भाग अडवून ठेवण्यात आला. आणि हे सर्व एकाच वंशाच्या लोकांना लागू व्हावे म्हणून १९७५ चा वांशिक भेदभावविरोधी कायदा ह्या उपायांपुरता दूर सारण्यात आला.

दारूबंदीचेच उदाहरण पाहा. ह्यातल्या अनेक वस्त्यांनी फार पूर्वीच आपल्या निर्णयाने दारू बंद केलेली होती. आपल्याकडे गावच्या बायका मतदान करून बाटली आडवी करतात, तशातलाच तो प्रकार. गावाने स्वतः केलेली बंदी हा गावाचा अभिमान असतो. तीच वरून लादली की तिची बेअब्रूची पाटी होते.

मजुरीचा भत्ता झाला

आता ज्या गोष्टीचा फारसा बोभाटा झाला नाही, तिच्याकडे वळू. दूरच्या वस्त्यांत १९७७ पासून एक रोजगार योजना चालू होती. बेकारभत्त्याऐवजी गावाच्या संस्थेमार्फत काम आणि कामाची मजुरी मिळे. रस्ते, कचरा, बालवाडी, रानाची राखण अशी ती कामे. नॉर्दर्न टेरिटरीत सात-आठ हजार माणसे त्यावर होती. योजनेत दोष होते. मजुरी तुटपुंजी होती. तरी ती मजुरी होती. आणि मजुरी कायद्याने अडवता येत नव्हती! म्हणून जुलैमध्ये सरकारने ती योजनाच गुंडाळण्याचे जाहीर केले. कामकऱ्याला भत्त्यावर आणले की त्याचा निम्मा पैसा ताब्यात घेता येतो, असा हा हिशेब. पुढच्या सरकारने योजना काही काळ परत आणली, पण २००९ पासून नव्याने येणाऱ्यांना मजुरीऐवजी भत्ताच मिळू लागला, आणि पुढे ती कायमची संपली.

अडवलेल्या पैशासाठी २००८ मध्ये ‘बेसिक्स कार्ड’ निघाले. ते मंजूर दुकानांतच चाले. दारू, तंबाखू, जुगार ह्यांसाठी चालत नसे. हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु कार्ड देताना हा माणूस पितो की नाही, मुलांना सांभाळतो की नाही, हे कोणी पाहिले नाही. तो कोठे राहतो एवढेच पाहिले. आमच्या माहितीतल्या एका ठेकेदाराने कामगारांची बँकेची कार्डे ‘हरवू नयेत म्हणून’ स्वतःपाशी ठेवली होती. ती सोडवून घ्यायला आम्हाला कैक महिने लागले. कार्ड दुसऱ्याच्या हाती गेले की माणूस घरातही लहान होतो, हे आम्ही तेव्हा पाहिले. गुरिंजींच्या काल्करिंजी आणि डागुरागु ह्या वस्त्याही त्या ७३ मध्ये होत्या. ज्यांच्या बापांनी शिधा नाकारून संप केला, त्यांच्याच मुलांच्या हाती हे शिध्याचे कार्ड आले.

फळ काय मिळाले?

न्यायाने दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. युएंडुमू गावच्या बेस प्राइस ह्यांच्यासारख्या आदिवासी स्त्रियांनी ह्या उपायांना उघड पाठिंबा दिला. पोलीस जवळ आले, रात्रीची मारहाण थांबेल, ही त्यांची आशा खोटी म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. उलट युटोपिया भागातल्या रोझॅली कुनॉथ-मंक्स ह्यांनी ह्या कायद्याला विरोध केला. २००९ मध्ये अँपिलाट्वाचाचे लोक वस्ती सोडून बाहेर तळ ठोकून राहिले. तेथे घर बांधायला युनियनचे कामगार स्वेच्छेने गेले.

मोजमाप केले तेव्हा चित्र निराशेचेच निघाले. दहा गावांतल्या दुकानांची विक्री तपासली असता, पैसे अडवल्याने फळभाजी वाढली नाही की तंबाखू घटला नाही. योजना सुरू होताना शाळेतली हजेरी वाढण्याऐवजी घटली आणि नवजात बालकांचे सरासरी वजन कमी झाले, असे पुढील संशोधनात दिसून आले. मुलांना छळणाऱ्यांच्या संघटित टोळ्या असल्याचा गाजावाजा झाला होता. २००९ साली तेथील गुन्हे आयोगाला अशा टोळ्यांचा पुरावा आढळला नाही. अत्याचार खरे होते, पण ते बव्हंशी घरात, गर्दीत आणि गरिबीत होते. त्यांना हवी होती घरे, परिचारिका, समजूतदार पोलीस आणि काम.

२०१० मध्ये भेदभावविरोधी कायदा पुन्हा लागू करण्याचे ठरले व कार्डाची योजना नावाला सर्व वंशांना खुली झाली. कार्डधारक मात्र बहुसंख्य आदिवासीच राहिले. २०१२ साली आणखी दहा वर्षांचा कायदा आला. त्याची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. पुढची तयारी झालेली नाही, असे आदिवासींच्या आरोग्यसंस्थांनी आधीच बजावले होते. कोणी ऐकले नाही. ॲलिस स्प्रिंग्ज शहरात दारू आणि गुन्हे वाढले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बंदी परत आणावी लागली. लादताना विचारले नाही आणि उठवतानाही विचारले नाही. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, आदिवासींचा सल्ला संसदेपुढे मांडणारे मंडळ घटनेत असावे काय, ह्यावर सार्वमत झाले. साठ टक्क्यांच्या आसपास मतदारांनी ‘नको’ म्हटले.

ह्यावरून सरकारने हात बांधून बसावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्या घरात मूल सुरक्षित नाही तेथे सरकारने गेलेच पाहिजे, आणि लवकर गेले पाहिजे. प्रश्न जाण्याचा नाही. गेल्यावर कोणाला विचारायचे हा आहे. दोषी माणसाला शिक्षा करणे निराळे आणि साऱ्या वस्तीला अज्ञान ठरवणे निराळे. पहिल्याने कायद्याचा धाक बसतो. दुसऱ्याने निर्दोष बापाचाही घरातला शब्द जातो, आणि मुलांना सांभाळायला त्या शब्दाचीच तर गरज असते. कामाची मजुरी, स्वतःच्या हातातला पैसा आणि गावाचा गावाने घेतलेला निर्णय ही मुलांच्या संरक्षणाची साधने आहेत. ती काढून घेऊन मुले राखता येत नाहीत, हेच नॉर्दर्न टेरिटरीतल्या त्या पंधरा वर्षांनी दाखवून दिले आहे.