टिटवीला काय हवंय?

दक्षिण ब्राझीलमधलं फुटबॉलचं मैदान. खेळाडू पळताहेत, लोक ओरडताहेत, आणि गवतातून तिसरंच कुणीतरी कोकलतंय, "केरू-केरू! केरू-केरू!" काडीसारखे पाय, डोक्यामागे शेंडी, गवतातच घातलेली अंडी आणि जवळ याल तर अंगावर धावून येण्याची तयारी. ही आपल्या टिटवीची ब्राझीलमधली चुलत बहीण. आपण टिटवीला तिच्या आवाजावरून नाव दिलं, तिथल्या लोकांनीही तेच केलं. नाव ठेवलं केरू-केरू.

गंमत अशी, की ब्राझीलची भाषा पोर्तुगीज, आणि पोर्तुगीजमध्ये 'केरू' म्हणजे 'मला हवंय'. म्हणजे बाई दिवसभर ओरडतात काय, तर "हवंय-हवंय!" (आमच्या घरीही असा एक पक्षी आहे. तो दुसरीत शिकतो.)

'केरू पांव' म्हणजे 'मला पाव हवा'. यातला पाव तुम्हाला ओळखीचा वाटला ना? वाटणारच, आपला पाव पोर्तुगीजांकडूनच आला.

'हवं असणे' याचं पोर्तुगीज क्रियापद 'केरेर'. स्पॅनिशमध्येही तेच, आणि स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात बोलल्या जाणाऱ्या गॅलिशियन भाषेतही तेच. फक्त 'मला हवंय' म्हणताना गॅलिशियन माणूस 'केरो' म्हणतो आणि स्पॅनिश माणूस 'कियेरो'. स्पॅनिशला अशी जीभ वळवायची खोडच आहे. बाकी दोघींचा 'तेर्रा', म्हणजे जमीन, तिच्याकडे 'तियेर्रा' होतो.

स्पॅनिश आई लेकराला जवळ घेऊन म्हणते, "ते कियेरो." शब्दशः पाहिलं तर 'मला तू हवास', पण अर्थ 'माझा फार जीव आहे तुझ्यावर'. गॅलिशियन आई हेच उलटं जोडून म्हणते, "केरोते." पावासाठी आणि लेकरासाठी एकच क्रियापद! पोर्तुगीजमध्ये तर डेझीसारख्या एका फुलाचं नावच 'मालमेकेर' आहे. एकेक पाकळी तोडत 'आवडते मी, नाही आवडत' असं म्हणायचा खेळ असतो ना, त्यातलं 'नाही आवडत' फुलाला कायमचं चिकटलं. बिचारं फूल!

हे 'केरेर' आलं कुठून? इसवी सनापूर्वी 218 मध्ये रोमन सैन्य स्पेनच्या किनाऱ्यावर उतरलं आणि त्याच्याबरोबर लॅटिन भाषा आली. तिच्यातलं 'क्वैरेरे' म्हणजे शोधणे, विचारणे. रुमानियन आणि इटालियन भाषांत त्याचे वंशज अजून 'मागणे', 'विचारणे' याच कामावर आहेत. स्पेन-पोर्तुगालकडे मात्र शोधता शोधता त्याचं 'हवं असणे' झालं. आपण शोधतो काय? जे हवं असतं तेच!

आता जरा आपल्या घरात डोकवा. 'मला पेन पाहिजे' असं आपण रोज म्हणतो. हे 'पाहिजे' आलं 'पाहणे'पासून. जुन्या मराठीत 'पाहिजे' म्हणजे 'पाहिलं जातं'. 'म्हणणे'पासून 'म्हणजे' झालं, तीच ही तऱ्हा. ज्याची वाट पाहिली जाते, ज्याला डोळे धुंडाळतात, ते पाहिजे. शेजारच्या गुजरातीतही 'जोवुं' म्हणजे बघणं आणि 'जोइए' म्हणजे पाहिजे. लॅटिन शोधत बसली, आपण बघत बसलो.

गोव्यात कोकणीत 'पाहिजे'ला 'जाय' म्हणतात. तुमच्या आजीच्या गावी काय म्हणतात? विचारा, आणि आम्हाला पत्राने कळवा. आम्हाला ते शब्द पाहिजेत!