हाली आणि कलदार : दोन रुपयांचे गणित

विद्यार्थीमित्रांनो, एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, हे तुम्ही फार पूर्वीच शिकला आहात. हे मोजमाप सोलापुरात करा की टोकियोत, आज करा की दहा वर्षांनी, उत्तर बदलत नाही. आता एक वेगळा प्रश्न विचारतो. एक रुपया म्हणजे किती रुपये? तुम्ही हसाल. परंतु पाऊणशे-ऐंशी वर्षांपूर्वी आमच्या सोलापूरच्या बाजारात हा प्रश्न नित्याचा होता, आणि त्याचे उत्तर 'एक' असे नव्हते!

त्या काळचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. सोलापूर मुंबई इलाख्यात, म्हणजे ब्रिटिशांच्या अंमलाखाली होते. पण येथून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेले तुळजापूर, तसेच नळदुर्ग, उस्मानाबाद (आजचे धाराशिव) आणि लातूर हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. संस्थानाचे नाणे स्वतंत्र होते. त्यावर चारमिनारचे चित्र असे. १९१८ पासून संस्थानाने कागदी नोटाही काढल्या. या रुपयाला लोक 'हाली' म्हणत. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. ब्रिटिश रुपयाला म्हणत 'कलदार'. कळ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. दोन्ही रुपयांचे १६ आणे आणि प्रत्येक आण्याच्या १२ पै. नाव एक, पोटविभाग एक, पण किंमत मात्र निराळी. हिशेबाला धरायचे प्रमाण असे होते :

७ हाली रुपये = ६ कलदार रुपये

बाजारात भाव याच्या आसपास थोडा खालीवर होई. आपण मात्र सोयीसाठी हेच प्रमाण धरून चालू.

हे ७ आणि ६ आले कोठून? येथे थोडे पदार्थविज्ञान कामास येते. कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम होते आणि त्यात १२ भागांपैकी ११ भाग चांदी असे. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, आणि चांदी सुमारे ८१.८ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. आता ९.१४ ला १०.६९ ने भागा. उत्तर येते ०.८५५. आणि ६ ला ७ ने भागले तर? ०.८५७! दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखीच. सराफाच्या तराजूत जे दिसे, तेच बाजारभावात उतरले होते.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. १९४७ मध्ये तर रुपया निकेलचा झाला. कागदी नोटेत चांदी कधीच नव्हती. तरीही १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर, १९५० मध्ये भारतीय रुपया तेथे सुरू करताना हिशेब ७ हालीस ६ रुपये असाच धरला गेला. चांदी निघून गेली, प्रमाण मात्र राहिले. आता ते कशाच्या आधारावर उभे होते? सरकारच्या वचनावर, आणि त्या वचनावरील लोकांच्या विश्वासावर. मीटर आणि सेंटिमीटर यांचे नाते व्याख्येने ठरते. दोन चलनांचे नाते मात्र कोणीतरी टिकवून धरावे लागते. हा फरक नीट ध्यानात ठेवा.

आता हिशेबाकडे वळू. समजा, तुळजापूरकडील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात भुईमूग विकला आणि त्याला ६० कलदार मिळाले. गावी सारा भरायचा तो हालीत. त्याला किती हाली मिळायला हवेत? ६० गुणिले ७, भागिले ६, म्हणजे ७०. हे सोपे झाले.

आता उलट बाजूने पाहू. १०० कलदारांचे ११६ २/३ हाली होतात, म्हणजे कलदार हा हालीपेक्षा १६ २/३ टक्क्यांनी भारी. मग हाली हा कलदारपेक्षा किती टक्क्यांनी हलका? "अर्थात तितक्याच!" असे तुम्ही म्हणाल, आणि येथेच फसाल. ७० हालींतून १६ २/३ टक्के वजा केले तर ५८ १/३ कलदार उरतात. पण खरे उत्तर ६० आहे. १ रुपया १० आणे ८ पै गेले कोठे? ती चूक टक्क्यांच्या पायाची आहे. जाताना टक्के कलदारवर काढले होते. येताना ते हालीवर काढायला हवेत. हाली कलदारपेक्षा १४ २/७ टक्क्यांनीच हलका आहे. ज्याला हे ठाऊक नसे, त्याचा तोटा होई, आणि तोटा झाल्याचे त्याला कळतही नसे.

दुसरा सापळा पूर्णांक करण्याचा. एका हालीचे १३ आणे ८ ४/७ पै होतात. चार-सप्तमांश पै कोण देणार? म्हणून समजा कोणी १३ आणे ८ पै हाच दर धरला आणि त्याने ७०० हाली मोजले. उत्तर येते ५९७ रुपये १४ आणे ८ पै. खरे उत्तर आहे ६०० रुपये. प्रत्येक रुपयामागे पैचा लहानसा तुकडा गळाला, आणि ७०० वेळा गळून २ रुपये १ आणा ४ पै झाला! प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो तोच नियम येथेही लागू पडतो : आधी गुणा, मग भागा आणि पूर्णांक अगदी शेवटी करा.

तिसरी गोष्ट बट्ट्याची. नाणे बदलून देणारा सराफ फुकट काम कसा करील? समजा, त्याने दर खेपेस शेकडा एक रुपया बट्टा घेतला. ६०० कलदारांचे ७०० हाली. ७ बट्टा जाऊन हाती ६९३. काहीही न खरेदी करता ते परत कलदार केले, तर ५९४; त्यातून बट्टा ५.९४. उरले ५८८.०६ कलदार. नुसते जाऊन-येऊन जवळजवळ १२ रुपये गेले. आजही परकीय चलनाच्या फलकावर खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन दर लिहिलेले असतात. त्या दोहोंतील अंतर हा त्या जुन्या बट्ट्याचाच नवा अवतार.

हाली रुपया आता नाणेसंग्राहकांच्या पेटीत जाऊन बसला आहे. पण त्याचे गणित संपलेले नाही. आपल्या शेजारच्या नेपाळचा रुपया पाहा. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांस १६० नेपाळी रुपये असे प्रमाण बांधलेले आहे. म्हणजे ८ नेपाळी = ५ भारतीय. पुन्हा दोन रुपये, पुन्हा सरकारी वचन!

आखाती देशांची कहाणी आणखी मजेची आहे. कुवेत, बहारीन, कतार आणि आजच्या संयुक्त अरब अमिरातीच्या प्रदेशात एके काळी भारताचाच रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी वेगळा 'आखाती रुपया' काढला. १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला, तेव्हा एका दिनाराचे १३ १/३ रुपये होत. आज त्याच एका दिनाराला अडीचशेहून अधिक रुपये मोजावे लागतात. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. ज्या आखाती मुलखांत अजून रुपया चालू होता, त्यांनीही मग तो सोडला. या घटनेचे वर्णन दोन प्रकारे करता येते. डॉलर ५७.५ टक्क्यांनी महाग झाला, आणि रुपया ३६.५ टक्क्यांनी स्वस्त झाला. आकडे दोन, घटना एकच, आणि दोन्ही विधाने खरी. भुईमुगाच्या हिशेबात जो पायाचा प्रश्न होता, तोच येथे आहे.

आज बहुतेक चलनांचे दर, म्हणजेच हुंडणावळ, बाजारात रोज बदलते. शिवाय दोन आशियाई चलनांचा हिशेब पुष्कळदा तिसऱ्याच्या, म्हणजे डॉलरच्या मध्यस्थीने होतो. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरशी बांधलेला आहे : १ डॉलर = ३.६७२५ दिरहम. समजा, डॉलरचा दर ८८.१४ रुपये आहे. भागाकार केला तर एका दिरहमाचे २४ रुपये होतात. उद्या डॉलर ९१.८१ रुपये झाला, तर दिरहम २५ रुपयांचा होईल. दुबईत काहीच घडले नाही, तरी तेथून घरी येणाऱ्या १,००० दिरहमांचे २४,००० ऐवजी २५,००० रुपये होतील. मात्र त्याच वेळी बाहेरून येणारे खनिज तेलही रुपयांत महाग झालेले असेल. तेव्हा नुसते रुपये वाढले म्हणून हुरळून जाऊ नये. त्या रुपयांत काय येते, हेही पाहावे.

आता वही-पेन्सिल घ्या आणि पुढील उदाहरणे सोडवा.

१. नेपाळी रुपया भारतीय रुपयापेक्षा किती टक्क्यांनी हलका आहे? (उत्तर ६० टक्के नव्हे!)

२. एका दुकानी दिरहमाचा विक्रीदर २४ रुपये आणि खरेदीदर २३ रुपये आहे. २,४०० रुपयांचे दिरहम घेऊन ते तेथेच परत विकले, तर शेकडा किती तोटा होईल?

३. घरातील वृद्ध माणसांना विचारा : हाली रुपया त्यांनी कधी पाहिला होता का? तो जुन्या डब्यात सापडला, तर शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूवर त्याचे वजन करा. ११.१८ ग्रॅमपेक्षा ते थोडे कमी भरले, तर त्याचे कारण काय असावे, याचा विचार करा. ते नाणे किती हातांतून गेले असेल, हेही मग लक्षात येईल.