उळवीच्या अरण्यातील समाधी

प्राचीन धर्मस्थानास आपण जातो, तेव्हा दृष्टी प्रथम शिखराकडे आणि कोरीव खांबांकडे वळते. युरोपातील मध्ययुगीन मठांची चर्चे पाहणारा प्रवासीही आधी उंच कमानींनीच थक्क होतो. परंतु काही स्थानांचे मोल शिल्पावरून ठरत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील, जोयडा तालुक्यातले उळवी हे असेच एक स्थान होय.

येथे चन्नबसवण्णांची समाधी आहे. ते महात्मा बसवेश्वरांचे भाचे आणि षट्स्थल सिद्धांताची पद्धतशीर मांडणी करणारे तत्त्वज्ञ. बसवेश्वरांनी ज्या मंगळवेढ्यात राजसेवा केली, ते आज सोलापूर जिल्ह्यात आहे. तेव्हा ही कथा मराठी माणसास परकी नव्हे.

बाराव्या शतकात कल्याण नगरीत शरणांनी एक विवाह घडवून आणला. वर चर्मकाराचा पुत्र, वधू ब्राह्मणाची कन्या! राजा बिज्जळाने उभयतांच्या पित्यांना देहान्त शासन दिले, असे परंपरा सांगते. ११६७ च्या सुमारास बिज्जळाचाही वध झाला आणि शरणांची पांगापांग झाली. त्यांतील एक समुदाय चन्नबसवण्णांसमवेत वचनांच्या पोथ्या उराशी धरून उळवीस आला, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

त्यांनी अरण्यच का निवडले असावे? सैन्यास जी वाट दुर्गम, तीच निराश्रितास आधार वाटते. येथील डोंगरांत नैसर्गिक गुहा आहेत. त्यांतील एक चन्नबसवण्णांच्या मातोश्री अक्कनागम्मा यांच्या नावाने ओळखली जाते. त्या काळोखात क्षणभर उभे राहिले, म्हणजे विचारासाठी घरदार सोडणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

आणि ती वचने? मठांतून व घराघरांतून ती ताडपत्रांवर टिकून राहिली. विजापूरचे फ. गु. हळकट्टी यांनी अशा पोथ्या चिकाटीने जमविल्या आणि १९२३ मध्ये 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केले. राज्य गेले, राजधानी ओस पडली. शब्द मात्र उरले.

माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते. मोटारींच्या या युगातही अनेक शेतकरी कुटुंबे बैलगाड्या जुंपून, वाटेत मुक्काम करीत उळवी गाठतात. आपण जाल तेव्हा समाधीचे दर्शन घ्याच. पण गुहांपर्यंतही अवश्य चालत जा. उळवीचा इतिहास त्या पायवाटेवरच अधिक उमजतो.