कोंबडी ठणठणीत, तरी टेन्शन!

वीकेंडला भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाताच ना? पुढच्या वेळी कॅमेरा जरा उजनीच्या पाण्याकडून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला वळवा. इंदापूर आणि बारामती तालुक्यांत उसाच्या फडांमधून लांबच लांब शेड्स दिसतील, वर पत्रा आणि बाजूंना जाळी. संडेला तुमच्या कढईत पडणारं चिकन अशाच शेडमध्ये वाढलेलं असतं.

इथला धंदा बहुतेक करारावर चालतो. एक दिवसाचं पिल्लू, खाद्य आणि औषधं कंपनीची. शेड, लाइटबिल, पाणी आणि रात्रीची जाग शेतकऱ्याची. साधारण चाळीस दिवसांनी गाडी येऊन पक्षी उचलते आणि किलोमागे ठरलेले पैसे मिळतात. मरतूक वाढली की हेच पैसे घसरतात. म्हणून पहिल्या आठवड्यात पिल्लं पेंगू लागली, मागची पिसं पांढऱ्या विष्ठेनं चिकटली, की घरात जेवण गोड लागत नाही. ही पांढरी हगवण. जंतूचं नाव साल्मोनेला पुलोरम. त्याचा सख्खा भाऊ गॅलिनेरम मोठ्या पक्ष्यांनाही गाठतो. तुरा फिका पडतो, हिरवट-पिवळी हगवण लागते आणि पटापट मर सुरू होते. या रोगाला फाउल टायफॉइड म्हणतात.

नाव ऐकून दचकू नका. माणसाचा टायफॉइड वेगळ्याच साल्मोनेलामुळे होतो आणि तो कोंबडीतून येत नाही. पुलोरम आणि गॅलिनेरमही माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत. तुमच्या-आमच्या पोटाचे वैरी दुसरेच: एन्टेरायटिडिस आणि टायफीम्युरियम. गंमत अशी, की हे दोघं मोठ्या कोंबडीच्या आतड्यात पेइंग गेस्टसारखे मजेत राहतात. कोंबडी खाते-पिते, वजन भरते, कुणाला पत्ता लागत नाही. उलट्या-जुलाब होतात ते आपल्याला.

म्हणजे आडनाव एकच, पण शेतकऱ्याला बुडवणारा वेगळा आणि तुम्हाला आडवा करणारा वेगळा. हा फरक ठरतो जंतूच्या जनुकांत.

साल्मोनेलाच्या जनुकांचे दोन गठ्ठे भलतेच फेमस आहेत, एसपीआय-१ आणि एसपीआय-२. पहिल्यातून एक सूक्ष्म इंजेक्शनची सुई तयार होते. जंतू ती आतड्याच्या पेशीला टोचतो, आत स्वतःची प्रथिनं सोडतो आणि पेशी बिचारी त्यालाच गिळून आत घेते. दुसरा गठ्ठा १९९५मध्ये लंडनच्या डेव्हिड होल्डन यांच्या गटानं उंदरांवर काम करताना शोधला. यातूनही सुईच बनते, पण ती आतून चालते. जंतूंना खाऊन टाकणाऱ्या पांढऱ्या पेशीतच साल्मोनेला बिऱ्हाड थाटतो. पोलीस चौकीतच खोली भाड्यानं घेतल्यासारखं!

कोंबडीत यातलं महत्त्वाचं कोणतं? २००१मध्ये पॉल बॅरो यांच्या ब्रिटिश गटानं गॅलिनेरममधली ही दोन्ही हत्यारं एकेक करून बंद पाडली. पहिलं बंद केलं तर फारसं बिघडलं नाही. दुसरं बंद केल्यावर मात्र त्याची मारण्याची ताकदच गेली.

याहून भारी गोष्ट पुढे आहे. एन्टेरायटिडिसला पोहायला शेपट्या असतात. त्या शेपटीचं प्रथिन कोंबडीचं शरीर ओळखतं, अलार्म वाजतो आणि मामला बहुतेक आतड्यातच आटोपतो. गॅलिनेरमला शेपूटच नाही. तो गुपचूप यकृत आणि प्लीहेपर्यंत पोहोचतो. २००८मध्ये त्याचा अख्खा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा कळलं की हा एन्टेरायटिडिसच्याच घराण्यातला आहे आणि त्याची शेकडो जनुकं निकामी झाली आहेत. स्किल्स कमी झाल्या, पण एकाच कामात पक्का मुरला!

पुलोरम तर त्याहून चिवट. वाचलेल्या पिल्लाच्या प्लीहेत तो महिनोन्‌महिने दडून राहतो. कोंबडी अंड्यावर आली की अंडाशयात, तिथून अंड्यात आणि अंड्यातून पुढच्या पिल्लात. म्हणजे इंदापूरच्या शेतकऱ्यानं शेडच्या दारात कितीही चुना टाकला, तरी रोग पिल्लांच्या खोक्यातूनच येऊ शकतो. आणि कमाई घसरते ती त्याची. हा हिशोब मला तरी पटत नाही. खरी तपासणी आई-कोंबड्यांची व्हायला हवी. रक्ताच्या एका थेंबावर ती होते, आणि अनेक देशांनी याच मार्गानं हा रोग व्यावसायिक फार्ममधून हटवला. लसही आहे. ‘९आर’ नावाची, १९५६पासूनची.

अँटिबायोटिक पाण्यात मिसळून देणं हा शॉर्टकट मात्र महागात पडतो. औषधाला न जुमानणारी जनुकं अनेकदा प्लाझ्मिड नावाच्या छोट्या गोल डीएनएवर असतात आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे पेनड्राइव्हसारखी फिरतात. हॉस्पिटलमध्ये अगदी शेवटी वापरायच्या कोलिस्टिन या औषधाला दाद न देणारं असं फिरतं जनुक २०१५मध्ये चीनमध्ये सापडलं. जुलै २०१९मध्ये भारतानं कोंबड्या आणि इतर खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. शेडमध्ये वाचलेला हट्टी जंतू तुमच्या आयसीयूतही येऊ शकतो, म्हणून ही काळजी.

आता किचनमध्ये या. कच्चं चिकन नळाखाली खळखळून धुऊ नका. त्यानं जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि बाजूच्या कोथिंबिरीवर उडतात. सॅलडची सुरी आणि बोर्ड वेगळा ठेवा. आतला सगळ्यात जाड तुकडा ७४ अंश सेल्सिअसला पोहोचला की साल्मोनेला कुठल्याही जनुकांचा असो, मरतो. मॅरिनेट केलेलं चिकन झाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे त्याचं पाणी उद्याच्या डब्यातल्या काकडीवर ठिबकणार नाही.