कनातीच्या आत आणि बाहेर

भोसरी आणि मोशी मागे टाकून पुणे-नाशिक रस्त्याने चाकणच्या दिशेने निघालेल्या माणसाला दोन्ही अंगांस कारखान्यांच्या भिंती, मालमोटारींच्या रांगा आणि पाळी सुटल्यावर थांब्यांवर लोटणारी कामगारांची गर्दी यांखेरीज फारसे काही दिसत नाही. परंतु तोच रस्ता खेड आणि मंचर ओलांडून नारायणगावी पोहोचतो, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास त्या गावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहिल्या, की मोटारगाड्यांचे सुटे भाग घडविणाऱ्या मुलखाच्या उशाशीच गाण्याचा आणि नाचाचाही एक बाजार भरतो, हे ध्यानात येते. गावोगावची पंचमंडळी आपापल्या यात्रेची तिथी घेऊन राहुटीत शिरतात, फडमालकाशी घासाघीस करतात, सुपारीची रक्कम मुकरर होते, इसाराचे पैसे मोजले जातात, कारकून ते वहीत मांडतो, आणि अमुक रात्री अमुक गावच्या माळावर ढोलकी वाजणार हे कायम होते. माझी सारी नोकरी या औद्योगिक पट्ट्यात झाली, आणि चैत्र-वैशाखातील यात्रांत अनेक रात्री मी त्या ढोलकीपुढे मांडी घालून बसलो आहे. म्हणून रात्रीच्या रंगस्थळी जन्मलेल्या प्रीतीच्या चित्रपटांचा विचार मनात आला, की परदेशी नावांच्या आधी मला ही राहुटी आठवते.

परदेशी नावे अर्थातच थोर आहेत. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी 1889 साली उघडलेल्या ‘मुलाँ रूज’ या नृत्यगृहाने चित्रकारांना, कवींना आणि पुढे चित्रपटकारांना जे वेड लावले, ते अद्याप उतरलेले नाही. 2001 साली बाझ लुऱ्हमन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने त्याच नावाचा संगीतपट काढून एक निर्धन लेखक आणि त्या रंगमंचाची तारका यांची शोकान्त प्रीती नव्या पिढीपुढे मांडली. त्याच्या किती तरी आधी, 1930 साली, जर्मनीत योझेफ फॉन श्टेर्नबेर्ग याने ‘द ब्लू एंजल’ हा बोलपट निर्माण केला होता. हाइनरिश मान या कादंबरीकाराच्या 1905 सालच्या कृतीवर तो आधारलेला होता. आपले विद्यार्थी रात्री कोठे जातात याचा तपास करीत ‘ब्लू एंजल’ नावाच्या मद्यगृहात शिरलेला एक करडा शिक्षक तेथील गायिकेवर भाळतो, तिच्याशी विवाह करतो, नोकरी गमावतो, तिच्याच मंडळीत विदूषक होतो, आपल्याच गावच्या लोकांपुढे कोंबड्यासारखे आरवण्याची पाळी त्याच्यावर येते, आणि अखेरीस आपल्या जुन्या वर्गातील मेजाला कवटाळून तो प्राण सोडतो. एमिल यानिंग्स या मुरलेल्या नटाने तो शिक्षक उभा केला, आणि गायिकेच्या भूमिकेने मार्लेन डीट्रिश जगाला ठाऊक झाली.

हे कथाबीज मराठी मातीत रुजले ते 1972 साली, व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ या चित्रपटाने. कथा अनंत माने यांची, संवाद शंकर पाटील यांचे, गीते जगदीश खेबुडकर यांची, संगीत राम कदम यांचे. फडावरची नर्तकी चंद्रकला हिच्या भूमिकेत संध्या, गावच्या मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आणि त्यांच्या जोडीला निळू फुले, असा तो योग होता. जर्मन मद्यगृहाच्या जागी नदीकाठचा फड आला, पियानोच्या जागी ढोलकी आली, आणि त्या फडाला शोभेल अशी लावणी उषा मंगेशकरांनी गायिली. शिक्षकाच्या अधःपाताची ही कथा गीतबद्ध करणारे खेबुडकर स्वतः शिक्षक होते, आणि मास्तर रंगविणारे डॉ. लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद असून ती प्रतिष्ठित वैद्यकी सोडून नाट्यव्यवसायात उतरलेले होते. प्रतिष्ठा म्हणजे काय आणि ती सोडताना माणसाच्या आत काय हलते, याची जाण त्या पडद्यामागे आणि पडद्यावर, दोन्हीकडे होती. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘पिंजरा’स मिळाला, आणि त्याची गाणी आजही आमच्या पट्ट्यातील लग्नांत आणि गणेशोत्सवांत वाजतात.

परंतु ‘पिंजरा’चे मूळ केवळ जर्मन बोलपटात शोधणे हा आपल्या परंपरेवर अन्याय ठरेल. सोलापूरचा राम जोशी हा शास्त्री घराण्यातील पुरुष पेशवाईत लावणीच्या नादाने फडात उतरला होता, आणि त्याचे चरित्र ‘लोकशाहीर राम जोशी’ या नावाने 1947 साली शांतारामांच्या राजकमल या चित्रसंस्थेच्याच छत्राखाली पडद्यावर आले होते. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर ही त्यातील जोडी, आणि गीते ग. दि. माडगूळकरांची. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी याने तर कुलकर्णी वतनाचा आणि ब्राह्मण्याचा मान बाजूस सारून पठ्ठे बापूराव हे नाव धारण केले, महार समाजातील पवळा या अद्वितीय नर्तकीसह फड उभा केला, आणि 1945 साली अत्यंत हलाखीत देह ठेवला. त्याच्यावरही 1950 साली चित्रपट निघाला. मराठी माणसाच्या मनात फडावरची प्रीती ही अशी इतिहासातून आलेली आहे. शिकलेला, मानाचा पुरुष कनात उचलून आत जातो आणि पुन्हा पूर्वीसारखा बाहेर येत नाही, ही आकृती जर्मनीहून आणण्याची गरज आपल्याला नव्हती.

या आकृतीतील स्त्री मात्र बहुधा पुरुषाच्या पतनाचे निमित्त म्हणूनच उभी केली जाते. त्याला अपवाद झाले. शांतारामांनीच 1939 साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत ‘माणूस’ काढला, आणि पोलीस शिपाई व वेश्या यांच्या त्या कथेत शांता हुबळीकरांची मैना ही नायकाहून धीराची ठरली. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 साली आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात 131 आठवडे चालला. गावच्या सत्ताधाऱ्याच्या जुलमाची कहाणी त्यात तमाशाच्याच सूत्राने उलगडते. त्या चित्रपटातील हंसा वाडकरांनी आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले, 1970 साली ते ग्रंथरूप झाले, आणि पडद्यावरील झगमगाटामागे एका अभिनेत्रीने काय सोसले ते मराठी वाचकाला कळले. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ हा चित्रपट त्याच आत्मकथनावर उभा आहे.

आता ‘पिंजरा’ पुन्हा नीट पाहावा. मास्तर चंद्रकलेवर भाळतात ती गोष्ट नंतरची. त्यापूर्वी मास्तर तिच्या फडाला गावाबाहेर घालवितात. गावाच्या नीतिरक्षणार्थ केलेली ती कृती मास्तरांच्या दृष्टीने पुण्यकर्म असते. परंतु ज्यांची चूल त्या रात्रीच्या खेळावर पेटणार होती, त्यांच्या दृष्टीने ती पोटावर आलेली लाथ असते. या मास्तराच्या हाती तुणतुणे देऊन त्याला फडावर उभा करीन, ही चंद्रकलेची प्रतिज्ञा त्या अपमानातून जन्मते. पुढे एका खुनाच्या भानगडीत मास्तर मृत ठरतात, गाव त्यांचा पुतळा उभारते, जिवंत मास्तर फडावर हलकीसलकी कामे करीत तुणतुणे धरून उभे राहतात, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून त्यांना फासावर जावे लागते. जिवंत माणसापेक्षा पुतळा गावाला प्रिय होतो आणि त्या पुतळ्याला तडा जाऊ नये म्हणून माणूस मुकाट मरण पत्करतो, हा भाग मूळ जर्मन कथेत नाही. तो आपल्या लेखकांनी घातला, आणि माझ्या मते या चित्रपटाचे सर्व मोल त्यातच साठलेले आहे. पिंजऱ्याच्या गजांपैकी काही चंद्रकलेच्या घुंगरांचे असतील. पण बहुतेक गज गावाने मास्तरांभोवती उभ्या केलेल्या लौकिकाचे आहेत.

कनातीच्या आत काय असते, हे मात्र कॅमेऱ्याने फार थोडे दाखविले. मोठ्या ढोलकी फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. नाचणाऱ्या आणि गाणाऱ्या बायका, सोंगाड्या, सरदार, ढोलकीवाले, हलगीवाले, तंबू ठोकणारे, मालमोटारी चालविणारे, स्वयंपाक करणारे, असा तो एक चालता गाव असतो. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने रात्र सरते. दसऱ्यास हंगाम उघडतो, थंडीत तंबू लावून तिकिटावर खेळ होतात, चैत्र-वैशाखात यात्रांच्या सुपाऱ्या असतात, आणि पावसाळ्याचे महिने हाताला काम नसते; त्या महिन्यांत कलावंत फडमालकाकडून उचल घेतात आणि मालक सावकाराकडून कर्ज काढतो, व पुढच्या हंगामाचा घाम आधीच गहाण पडतो. कोल्हाटी, महार, मांग, डोंबारी अशा ज्या जातींतून ही माणसे आली, त्यांना जमीन नव्हती, वतन असलेच तर कष्टाचे आणि अवमानाचे होते. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशाच्या बंदीचा हुकूम काढला आणि पुढे मजकुराच्या शुद्धीच्या अटी घालून परवानगी दिली, तेव्हाही विचार झाला तो प्रेक्षकांच्या नीतीचा. कलावंतांच्या भाकरीचा क्रम त्यानंतर लागला.

नारायणगावचे नाव ज्यांच्यामुळे महाराष्ट्रभर गाजले, त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे जीवन या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. 1935 साली पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाईंना वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडाचा वारसा मिळाला. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, कळा सुरू होताच आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या, ही हकीकत आमच्या भागात घरोघर सांगितली जाते. लोक ती अचंब्याने सांगतात. मला ती ऐकताना नेहमी असे वाटते, की जिला त्या अवस्थेतही सुट्टी नव्हती ती एक कामकरी बाई होती, आणि तिच्या कामाला कोणताही कामगार कायदा लागू नव्हता. 2002 साली विठाबाई निवर्तल्या तेव्हा पदके होती, पण सुस्थिती नव्हती. पुढे शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, हे उचितच झाले.

कामगार आणि तमाशा यांचे नाते आमच्या पट्ट्यापुरते नाही. मुंबईच्या परळ भागात राजकमल कलामंदिर, आणि जवळच लालबागेत हनुमान थिएटर. एका ठिकाणी लावणी चित्रफितीवर उतरत होती आणि दुसऱ्या ठिकाणी गिरणीची पाळी संपवून आलेला, घाटावरून आणि कोकणातून मुंबईत पोट भरावयास आलेला कामगार तीच लावणी प्रत्यक्ष ऐकत होता. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या वस्तीचे जीवनच विस्कटले. पुढे हनुमान थिएटरातील ढोलकीही थांबली. त्याच 1982 च्या ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. 1954 साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, त्यानंतर आकुर्डी, चिंचवड, भोसरी असे करीत कारखाने पसरले, आणि या शतकात चाकण मोटारींचे मोठे आगर झाले. गिरणगाव मावळत असताना महाराष्ट्राच्या खेड्यांतून निघालेल्या तरुणाची वाट इकडे वळली होती, आणि यात्रेला गावी परतण्याची त्याची ओढही त्याच्यासोबत आली होती.

नव्या शतकात पडद्यावरचा फड पुन्हा उजळला. आनंद यादवांच्या कादंबरीवरून रवी जाधव यांनी 2010 साली ‘नटरंग’ आणला आणि फडासाठी नाच्या झालेल्या मर्दाची व्यथा अतुल कुलकर्णी यांनी दाखविली. विश्वास पाटलांच्या कादंबरीवरून 2022 साली ‘चंद्रमुखी’ आला, आणि राजकारणी पुरुष व लावणीसम्राज्ञी यांची प्रीती पुन्हा गाजली. दोहोंना संगीत अजय-अतुल यांचे. पण या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात, 2020 आणि 2021 या दोन वर्षांच्या महामारीत, नारायणगावच्या राहुट्या ओस पडल्या, सुपाऱ्या बुडाल्या, उचल फिटली नाही. चित्रपटगृहे उघडल्यावर पडद्यावरची लावणी लगेच सुरू झाली, प्रत्यक्ष फडाला मात्र सावरण्यास फार अवधी लागला.

एका यात्रेची पहाट माझ्या मनातून जात नाही. वग संपला होता, माळावर धुके होते, आणि रात्रभर ज्यांच्यावर फेटे उडाले त्या बायका तोंडावरचा रंग पुसून कनाती सोडीत होत्या. पेट्यांवर पोरे झोपली होती, आणि एकजण पायाचे चाळ सोडून घोट्यांना तेल चोळीत होती. त्याच वेळी हमरस्त्यावर पहिल्या पाळीची बस येऊन थांबली, आणि आमच्यातले दोघे-तिघे झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी धावत जाऊन तिच्यात चढले. त्या बाईने मान वर करून बसकडे पाहिले आणि शेजारणीस विचारले, “ह्यांची बी पाळी लागली व्हय?”

तेव्हापासून ‘पिंजरा’ पाहताना मास्तरांच्या पतनाहून त्या आधीचा प्रसंग, गावाबाहेर काढलेल्या फडाचा, मला अधिक लागतो. फडावरच्या प्रीतीचा पुढचा चित्रपट कोणी काढील, तेव्हा त्याने कॅमेरा एकदा तरी नारायणगावच्या राहुटीत न्यावा, वही उघडून उचलीचा आकडा दाखवावा, घोट्याला लावलेले तेल दाखवावे, आणि मग ढोलकी वाजू द्यावी.