मोहाच्या झाडाखालचा वणवा

निपाणीहून इंदूरला सून म्हणून गेलेल्या माझ्या मावशीचे घरात मराठी, बाजारात हिंदी आणि राग आला की कानडी. गेल्या फाल्गुनात आम्ही गाडीने तिच्याकडे निघालो होतो. मुंबई-आग्रा रस्त्याने मानपूरचा घाट चढताना अंधार पडला आणि समोरच्या डोंगरावर तांबडी, वाकडीतिकडी रेघ दिसली. मुलांना वाटले, कुठली तरी यात्रा असावी. मावशीला दुसऱ्या दिवशी सांगितले तर ती एकच शब्द बोलली, "काडगिच्चु!" काडु म्हणजे रान, किच्चु म्हणजे आग. आपण वणवा म्हणतो.

इंदूर म्हटले की आपल्याला राजवाडा, सराफ्यातली खाऊगल्ली आणि होळकर आठवतात. पण शहराच्या दक्षिणेला महू, पाताळपाणी, चोरल, मानपूर या पट्ट्यात विंध्याची रांग आहे. साग, सालई, धावडा, पळस, मोह, तेंदू अशी पानगळीची झाडे. माघ संपता संपता जमिनीवर वाळक्या पानांचा थर साचतो. मध्य प्रदेशचे वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरते. हा वणवा शेंड्यापर्यंत सहसा जात नाही, जमिनीलगत सरपटतो. मोठा साग काळवंडून उभा राहतो. मरतात ती रोपे, म्हणजे उद्याचे जंगल.

आग लावतो कोण? वीज पडून लागलेली आग आपल्याकडे विरळाच. कुठे विडीचे थोटूक, कुठे बांधावरचा कचरा, कुठे नवे गवत फुटावे म्हणून लावलेली काडी. आणि मोह. मोहाची फुले (कानडीत झाडाला हिप्पे म्हणतात) रात्री गळतात, बायका-मुले पहाटे टोपल्या घेऊन वेचायला जातात. पाचोळ्यात फुले दिसत नाहीत म्हणून झाडाखालची पाने आधी जाळायची, ही जुनी रीत. तेंदूला कोवळी पाने यावीत म्हणूनही आग लावली जाते. वारा फिरला की झाडाखालची आग डोंगर चढते. कायद्याने राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे. पण ज्या घराचा चैत्र-वैशाख मोहावर निघतो, त्या घरातल्या बाईला कायद्याचे कलम दाखवून काय उपयोग? तिला दुसरी सोय दाखवली पाहिजे.

ती सोय आहे, आणि साधी आहे. झाडाखाली जाळी बांधायची. फुले जाळीवर पडतात, माती लागत नाही, दर चांगला मिळतो, काडी लावायचे कारणच उरत नाही. मध्य प्रदेशात काही भागांत हा प्रयोग झाला आहे. सरकारी पैशातून आगीविरुद्ध जे जे केले जाते, त्यात मला हे सर्वांत शहाणपणाचे वाटते.

सरकारी पैशाची गोष्ट मात्र सरळ नाही. २०१७-१८ पासून केंद्राची वणवा प्रतिबंध व व्यवस्थापन योजना आहे. ईशान्येकडची आणि हिमालयातली राज्ये सोडली तर केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. त्यातून जाळरेषा निघतात, म्हणजे हिवाळ्यातच गवत कापून, आपल्या देखरेखीखाली जाळून केलेले मोकळे पट्टे. त्यातूनच हंगामी राखणदार नेमतात. यात यंत्रे थोडी, मजुरी जास्त, आणि ती मजुरी गावातच राहते. पण जाळरेषा थंडीत काढायची असते. पैसा उशिरा आला की पळसाला फुले येतात आणि पट्टा तसाच राहतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालय व जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालातही निधीच्या तुटवड्याचा उल्लेख होता. मे २०२४ मध्ये उत्तराखंडच्या वणव्यांवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. राज्याने १० कोटी मागितले असताना ३ कोटी १५ लाखच का मिळाले, असा प्रश्न तिथे निघाला. वनखात्याची माणसे निवडणुकीच्या कामाला का पाठवली, हेही विचारले गेले.

त्यानंतर २०२५ मध्ये केंद्राने १९ राज्यांतल्या १४४ जिल्ह्यांसाठी ८१८.९२ कोटींची वणवा-धोका कमी करण्याची योजना मंजूर केली. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि कर्नाटक, तिन्ही राज्ये तिच्यात आहेत. आग लागल्यावर धावण्याचा नव्हे, आधी तयारी करण्याचा हा पैसा आहे, म्हणून त्याची बातमी नीट वाचायला हवी. तो गावाच्या वन समितीपर्यंत किती पोचतो, हे ग्रामसभेत विचारायला कुणाची आडकाठी नाही. फुंकणी आणि गणवेश यांवर सगळा खर्च झाला तर मोहाखालची काडी तशीच राहील. (पाचोळा उडवणाऱ्या यंत्राला फुंकणी हे माझे नाव. खात्याचे नाव फार लांब आहे.)

आपल्याकडे खानापूरच्या रानात किंवा आजऱ्याच्या डोंगरावर काय निराळे आहे? गवत जाळले की पुढच्या पावसात ते जोमाने येते, ही समजूत दोन्ही भाषांत सारखीच पक्की. २०१९ च्या फेब्रुवारीत बंडीपूर जळाले तेव्हा कानडी वाहिन्यांवर रात्रंदिवस तेच चालले होते. आमच्या घरीही दोन दिवस चर्चा झाली, मग विसरलो.

मावसभावाने एक गोष्ट दाखवली, ती सांगते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे ठिकाण हेरते आणि मोबाइलवर संदेश पाठवते. वनखात्याच्या माणसांनाच नव्हे, नाव नोंदवील त्या कुणालाही. त्याने महूकडच्या जंगलासाठी नोंदवले आहे. माझ्यासाठी त्याने खानापूर निवडले. मावशी शेजारी बसून होती. म्हणाली, "संदेश आला की कुणाला फोन करायचा, ते आधी लिहून ठेव गं." वनखात्याच्या कचेरीचा नंबर आता फ्रीजवर चिकटवला आहे, मराठीत आणि कानडीत.